नाबोथाचा मळा आणि बस्तरची दफनभूमी

रविवारच्या पहिल्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण अर्धा तास रेंगाळतो. त्यात पाऊस, भाजीचा भाव, मुलांचे दाखले आणि राजकारण असे सगळे विषय होऊन जातात. अशाच एका रविवारी आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. हातात घडी केलेले वर्तमानपत्र होते. म्हणाले, "वाचलेत का? बापाला मूठमाती द्यायला मुलाला सर्वोच्च न्यायालयात जावे लागते! आणि अडवते कोण, तर गाव. या आदिवासी भागातल्या गावांना एवढे अधिकार दिलेच कशाला?"

बातमी छत्तीसगडची होती. ७ जानेवारी २०२५ रोजी बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावात एक ख्रिस्ती पाळक मरण पावले. आपले आधीचे नातलग गावच्या दफनभूमीत पुरलेले आहेत, वडिलांनाही तिथेच माती द्यावी, असे मुलाचे म्हणणे होते. गावकऱ्यांनी विरोध केला. स्वतःच्या जमिनीत पुरतो म्हटले, तर तेही नको. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्या. नागरत्ना यांना वाटले की कुटुंबाच्या खाजगी जमिनीत दफन होऊ द्यावे. न्या. सतीशचंद्र शर्मा यांना वाटले की ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागीच व्हावे. देह इतके दिवस शवागारात पडून आहे, आता आणखी वाट पाहायला लावू नये, म्हणून वाद मोठ्या खंडपीठाकडे न पाठवता २७ जानेवारीला आदेश झाला, की दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत, वीसेक किलोमीटर दूर, दफन करावे. वीस दिवस तो देह मातीची वाट पाहत होता.

गुरुजींच्या प्रश्नाला मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. "तसे नाही हो," एवढेच म्हणालो. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर समजा.

हे अधिकार कोणी दान म्हणून दिलेले नाहीत. १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत जयपालसिंग मुंडा बोलायला उभे राहिले. छोटानागपूरच्या मुंडा घरातला मुलगा, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला, पुढे ऑक्सफर्डला गेलेला, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कप्तान, धर्माने अँग्लिकन ख्रिस्ती. (आपल्या संडे स्कूलच्या मुलांना हे नाव कोणी सांगत नाही, हे आपले दुर्दैव.) त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता: बाहेरून आलेल्यांनी आमच्या लोकांना शतकानुशतके लुबाडले, डोंगरात रेटले. आम्हाला लोकशाही शिकवायला येऊ नका, ती तुम्हीच आमच्याकडून शिका. आणि इतके सांगूनही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही या नव्या देशात येतो, असे ते म्हणाले.

त्या विश्वासाच्या बदल्यात घटनेत दोन अनुसूची आल्या. सहावी अनुसूची ईशान्येच्या डोंगराळ भागासाठी. तिच्यात स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, ज्या जमीन, जंगल, वारसा यांविषयी स्वतः कायदे करू शकतात. तिच्या जडणघडणीत रेव्हरंड निकोल्स रॉय या खासी ख्रिस्ती धर्मसेवकाचा मोठा वाटा होता. पाचवी अनुसूची मध्य भारतासाठी, त्यात आपला महाराष्ट्रही येतो; आपल्या वसई तालुक्यातीलही काही गावे येतात. हिच्यात मात्र स्वतःची सत्ता कमी आणि राज्यपालांच्या देखरेखीवर भरवसा जास्त. तो भरवसा फारसा कामी आला नाही. धरणे झाली, खाणी झाल्या, कारखाने झाले, आणि उठावे लागले ते बहुतेक वेळा आदिवासी पाड्यांना. अखेर भुरिया समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर १९९६ मध्ये 'पेसा' कायदा झाला. त्याने ग्रामसभेला, म्हणजे पाड्यावरच्या माणसांच्या प्रत्यक्ष सभेला, आपल्या रूढी, आपली ओळख, आपली साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची आपली रीत जपण्याचा अधिकार मान्य केला. जमीन घेण्याआधी ग्रामसभेला 'विचारावे' असेही त्यात आहे. विचारावे, एवढेच. संमती घ्यावी, हा शब्द यायला २०१३ चा भूसंपादन कायदा यावा लागला. विचारणे आणि संमती घेणे यांत किती अंतर आहे, हे लग्नाच्या वयाच्या कोणत्याही मुलीला विचारा.

आता नाबोथाकडे वळू. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातील ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. ऐकताना आपण अहाबाला सुरुवातीपासूनच खलपुरुष ठरवून टाकतो. पण नीट वाचा. अहाब पहिल्यांदा चोरी करत नाही. त्याला वाड्याजवळचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा आहे, आणि तो त्याबदली त्याहून चांगला मळा किंवा रोख चांदी देऊ करतो. आजच्या भाषेत हे योग्य मोबदला आणि पुनर्वसन झाले! नाबोथ नाही म्हणतो. कारण एकच: हे माझ्या वाडवडिलांचे वतन आहे. त्याच्या लेखी ती जमीन विकण्याजोगी वस्तूच नव्हती. लेवीय पुस्तकात देवाने सांगितलेच होते की जमीन माझी आहे, ती कायमची विकता येणार नाही. राजाला हे उत्तर समजतच नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपतो, जेवत नाही. मग ईजबेल त्याला विचारते, राजा तू आहेस ना? आणि पुढचे सगळे कागदोपत्री होते. राजाच्या शिक्क्याची पत्रे जातात, गावचे वडीलधारे जमतात, दोन साक्षीदार उभे राहतात, नाबोथावर रीतसर आरोप ठेवला जातो आणि त्याला दगडमार होतो.

आपल्या काळात एका डोंगराने हाच प्रसंग पाहिला, पण शेवट निराळा झाला. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध लोक राहतात. तो डोंगर त्यांच्या नियमराजाचे ठाणे. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि पायथ्याला लांजीगड येथे वेदान्त कंपनीचा ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला होता. खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या लोकांच्या जमिनीवरील व देवस्थानावरील हक्कांचा विचार ग्रामसभांनीच करावा. डोंगरावरच्या कितीतरी पाड्यांपैकी सरकारने बाराच निवडले, त्यावर टीकाही झाली. जुलै आणि ऑगस्टमध्ये, भर पावसात, जिल्हा न्यायाधीशांच्या देखत एकामागून एक सभा झाल्या. सात रायगडा जिल्ह्यात, पाच कालाहांडीत. बाराच्या बारा सभांनी नाही म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. नाबोथ जिवंत राहिला.

तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो. आपल्या पुष्कळ ख्रिस्ती नियतकालिकांना असे लढे जवळचे वाटतात. पण मला गुरुजींच्या प्रश्नाने अस्वस्थ केले ते इथेच. नियमगिरीच्या पाड्यांना 'नाही' म्हणण्याची ताकद जिथून मिळाली, तिथूनच बस्तरचे गाव ती घेऊ पाहते. खुंटीची गोष्ट आठवा. २०१७-१८ मध्ये झारखंडच्या खुंटी भागात मुंडा गावांच्या वेशीवर मोठमोठे दगड उभे राहिले. मुंडा लोकांत पूर्वजांच्या स्मरणार्थ दगड रोवण्याची जुनी रीत आहे, तीच पत्थलगडी. या नव्या दगडांवर घटनेतील कलमे कोरली होती आणि परवानगीशिवाय बाहेरच्यांना गावात येण्यास मनाई लिहिली होती. शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले, राजद्रोहाचेसुद्धा. २०१९ च्या अखेरीस आलेल्या नव्या राज्य सरकारने ते मागे घेण्याचे ठरवले. त्या गावांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्यांत फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू होते. पाचवी अनुसूची अमलात का येत नाही, हा त्यांचा कित्येक वर्षांचा प्रश्न होता. पुढे एका वेगळ्याच खटल्यात त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, आपल्या वांद्र्याच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले.

आणि २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातील काही गावांच्या वेशीवर पुन्हा फलक लागले. आधार पेसा कायद्याचाच सांगितलेला. फक्त या वेळी प्रवेशबंदी होती ती पाद्र्यांना आणि धर्मांतर केलेल्यांना. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते फलक घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. आमिषाने किंवा फसवून होणारे धर्मांतर रोखण्यासाठी ते लावले असतील तर गैर नाही, अशी भूमिका घेतली.

वेस तीच, मनाई तीच, फक्त नाव आपले. मग काय करायचे? खाण अडवणारी ग्रामसभा चांगली आणि आपल्याला अडवणारी वाईट, असे म्हणून मोकळे व्हायचे? तसे केले तर आपले स्वायत्ततेचे प्रेम म्हणजे आपल्या सोयीचे प्रेम ठरेल. दुसऱ्याला निर्णयाचा हक्क आहे असे म्हणायचे आणि निर्णय आपल्याला आवडला तरच तो मानायचा, याला हक्क मानणे म्हणत नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रचारकाला एखादे गाव 'तुम्ही येऊ नका' म्हणाले, तर मला वाईट वाटेल, पण त्या गावाचे म्हणणे मी ऐकून घेईन. प्रभू येशूनेही शिष्यांना सांगितले होते की जिथे तुमचा स्वीकार होणार नाही तिथून पायांची धूळ झटकून पुढे जा. त्या गावाविरुद्ध पोलिसांत जा, असे काही सांगितले नव्हते.

पण दफनाची गोष्ट मला वेगळी वाटते, आणि का वेगळी वाटते हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे. छिंदवाड्याचा तो मुलगा बाहेरचा नव्हता. तो त्याच गावचा. कंपनी आणि पाडा यांत पाडा दुबळा आहे. दिल्ली आणि पाडा यांत पाडा दुबळा आहे. म्हणून त्याच्या हातात कायद्याने ढाल दिली. पण पाडा आणि त्यातले एक घर यांत दुबळे कोण? ज्या कारणासाठी पाड्याला राज्यापासून संरक्षण हवे, नेमक्या त्याच कारणासाठी त्या घराला पाड्यापासून संरक्षण हवे. वेशीवरून परक्याला परत पाठवणे एक, आणि घरच्याच्या मेलेल्या बापाला गावाबाहेर काढणे दुसरे. राज्यघटनेने ग्रामसभेला अधिकार दिले तसे त्या मुलालाही दिले आहेत, आणि पेसाने त्याचे मूलभूत हक्क पुसलेले नाहीत.

यावर गुरुजी म्हणतील, मग झालेच, गाव चुकले, अधिकार काढून घ्या. नाही. नवरा बायकोला मारतो म्हणून आपण कुटुंबसंस्था बंद करत नाही. बायकोला न्याय मिळवून देतो. शिवाय गावाची भीती अगदी पोकळ आहे असेही मला वाटत नाही. जिथे सण, पेरणी, शिकार, लग्न, मर्तिक ही सगळी सर्वांनी मिळून करायची कामे असतात, तिथे एका घराने त्यातून अंग काढून घेतले की बाकीच्यांना आपला एक खांब निखळल्यासारखे वाटते. त्या भीतीला बाहेरून येऊन फुंकर घालणारे राजकारण आहेच. पण ठिणगी आपणही कधी टाकली का, हेही पाहायला हवे. सुवार्ता सांगायला गेलेल्यांनी त्यांच्या डोंगरदेवाला सैतान म्हटले नाही ना?

ख्रिस्तसभेचा स्वतःचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. १४९३ मध्ये पोप अलेक्झांडर सहावे यांनी नव्याने सापडलेल्या मुलुखांवर स्पेनच्या राजघराण्याचा हक्क मान्य केला. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी मात्र ठामपणे जाहीर केले की ते लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि त्यांची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. दोन्ही आवाज आपलेच. पुष्कळदा पहिल्याच आवाजाचे ऐकले गेले. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवर बसून कॅनडाला गेले आणि मास्क्वासिस येथे मूळ रहिवाशांची त्यांनी क्षमा मागितली. ज्या निवासी शाळांत त्यांची मुले आईबापांपासून तोडून आणली गेली, त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून घेतली गेली, त्यांपैकी अनेक शाळा कॅथलिक संस्था चालवत होत्या. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने, शोध लावणाऱ्याचा मुलुखावर हक्क असतो, हा जुना सिद्धांत अधिकृतपणे नाकारला. चारशे शहाऐंशी वर्षांपूर्वी एक पोप जवळपास तेच सांगून गेले होते.

अशी स्वायत्तता दिली तर देश फुटेल, असे अनेकांना मनापासून वाटते. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी मंजूर केला, त्याच्या बाजूने भारतानेही मत दिले. त्यात अंतर्गत बाबींत स्वशासनाचा हक्क आहे आणि देशाच्या अखंडतेला धक्का लावू नये असेही आहे. पण कागदापेक्षा मिझोरम पाहावे. १९५९ मध्ये बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले, दुष्काळ पडला. सरकारच्या अनास्थेवर संताप वाढत गेला आणि १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला. भारताच्या विमानांनी ऐझॉलवर बाँब टाकले. वीस वर्षे रक्त सांडल्यावर ३० जून १९८६ रोजी करार झाला, १९८७ मध्ये राज्य मिळाले. मिझो लोकांच्या धार्मिक-सामाजिक रूढी, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी यांना त्यांच्या विधानसभेच्या संमतीवाचून संसदेचा कायदा लागू होणार नाही, अशी तरतूद घटनेत झाली. तेव्हापासून तिथे शांतता आहे. जो फुटायला निघाला होता, तो घरचा मालक झाल्यावर घरात राहिला.

मात्र गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी होईल. मिझो लोक बहुतांशी ख्रिस्ती आहेत. त्याच मिझोरममध्ये ब्रू ही छोटी जमात आहे. तिने स्वतःसाठी स्वायत्त परिषद मागितली. तणाव वाढला, आणि १९९७ मध्ये हजारो ब्रू घरेदारे सोडून त्रिपुरात पळाले. दोन दशकांहून अधिक काळ ते छावण्यांत राहिले. जानेवारी २०२० च्या करारानुसार सुमारे ३४ हजार माणसांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. स्वतः दिल्लीकडे जे मागितले, तेच आपल्यातल्या छोट्याने मागितल्यावर पटले नाही. बस्तरमध्ये आपण मार खाणारे आहोत म्हणून आपली बाजू आपोआप बरोबर होत नाही.

आणि आपण वसईकर? ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा आपल्या गावांनी काय केले होते ते आठवा. आमचे गाव आमचे राहू द्या, आमच्या विहिरी, आमच्या वाड्या, आमचे निर्णय. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. आम्हाला विचारले का, हा आपला प्रश्न होता. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात तत्त्वच सांगून ठेवले आहे, की लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. तेव्हा हे आपल्याला चांगले पटले होते. आपले दुःख आदिवासींच्या दुःखाशी मोजण्याचा मोह मात्र आवरावा. आपल्याकडे सातबारा होता, वकील होते, मते होती. तालुक्याच्या पूर्वपट्टीतून आपल्या वाडीवर कामाला येणाऱ्या वारली बाईकडे यांतले काय होते? तिच्या पाड्यावर ग्रामसभा कधी भरते हे आपण कधी विचारले? त्या दिवशी तिचा खाडा लागू नये, याचा विचार केला?

हे सारे लिहून झाल्यावर मी गुरुजींच्या घरी गेलो आणि त्यांना वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. १९१७ च्या आपल्या धर्मसंहितेत आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आजीचा एक भाऊ होता. विहिरीत गेला. त्याला भिंतीबाहेर पुरला होता. आजी दर दोन नोव्हेंबरला आधी आत सगळ्यांच्या क्रुसांपाशी मेणबत्त्या लावायची, आणि एक पदराखाली झाकून बाहेर न्यायची. मी लहान होतो, वाऱ्याला आड धरायला मला घेऊन जायची."

ती जागा कुठे, असे मी विचारले. दफनभूमी वाढवली तेव्हा भिंत पुढे गेली, त्यामुळे ती आता आत आली आहे, पण नेमकी कोणती ते सांगता येणार नाही, असे ते म्हणाले.